बॅच नावाचे दोन फोल्डर

महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या एका कारखान्यात मी संगणक विभाग सांभाळायचे. विभाग म्हणजे मी, दोन पीसी, एक प्रिंटर आणि मुंबईच्या मुख्य कार्यालयातल्या मेनफ्रेम या मोठ्या संगणकाला जोडणारी टेलिफोनची लाइन. घर पोलादपूरला. नवरा मुंबईत नोकरीला. धाकटे दीर माझ्याच कारखान्यात, रसायनं तापवायच्या टाकीवर म्हणजे रिअ‍ॅक्टरवर ऑपरेटर. सकाळी आम्ही दोघं एकाच एसटीने यायचो.

रोज बनवायच्या मालाची कृती मेनफ्रेमवरून यायची: काय घालायचं, किती तापवायचं, कुठे थांबायचं. मी फाइल उतरवून छापायचे आणि शिपाई तो कागद प्लँटवर न्यायचा. नवं शतक लागलं त्या सुमारास मेनफ्रेमवर फाइली ठेवायची पद्धत बदलली. आधी सगळ्या फाइलींना ठिपक्यांनी जोडलेली लांबलचक नावं असायची, सगळी कॅपिटल अक्षरांत. आता घरात खोली, खोलीत कपाट, तसे फोल्डरच्या आत फोल्डर आले. मुंबईहून कळवलेला मार्ग मी जसाच्या तसा आमच्या एफटीपीत, म्हणजे फाइली उतरवून घ्यायच्या प्रोग्राममध्ये, भरला. चाचणीची फाइल मागवली, ती नीट उतरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खरी कृती आली, छापली, प्लँटवर गेली. मी निवांतपणे चहा घेत पडद्यावर ते नवे फोल्डर उघडून बघत बसले होते. बघते तर बॅच नावाचे फोल्डर दोन. एकाचं पहिलं अक्षर कॅपिटल, दुसऱ्याचं लहान. आधीच्या पद्धतीत हा फरक कुणी धरत नव्हतं, नवी पद्धत धरत होती. आमची फाइल कॅपिटलवाल्यातून आली होती आणि तिच्यावर गेल्या महिन्याची तारीख होती. कालच्या तारखेची नवी फाइल दुसऱ्यात होती.

दोन्ही उघडून ओळ न् ओळ ताडून पाहिली. माल तोच, मापं तीच. फरक एकाच ठिकाणी होता, किती तापवायचं तिथे. मागच्या एका बॅचला तापमान आपोआप चढत गेलं होतं, म्हणून आमच्या केमिस्टनी तो आकडा नुकताच खाली आणला होता. प्लँटवर गेला होता जुना आकडा. आणि त्या रिअ‍ॅक्टरवर दीर होते.

प्लँटचा फोन लावला. घंटा वाजत राहिली, यंत्रांच्या आवाजात ती कुणाला ऐकू जाणार? फोन तसाच टाकून पळत सुटले. जिना चढताना साडी पायात अडकली. वर गेले तर दीर तापमानाच्या काट्याकडे बघत उभे.

"वयनी, तुमी हितं? हेल्मेट कुठाय तुमचं?"

"भावोजी, स्टीम बंद करा! कागद चुकीचा आलाय!"

"अवो पण साहेबांनी..."

"साहेबांना मी सांगते. आधी बंद करा!"

त्यांनी माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि व्हॉल्व्ह फिरवला. मग थंड पाणी सोडलं. काटा तरीही चढत होता.

"बंद केलंत ना?"

"केलं गो बाय! आतली गरमी हाय ती. तुमी खाली जा."

मी गेले नाही. तेवढ्यात मला पळताना पाहून केमिस्टही मागोमाग धावत आले, पाण्याचा जोर वाढवायला सांगितला आणि आमच्याशेजारी उभे राहिले. काटा हळूहळू चढला, थबकला, बराच वेळ तिथेच राहिला. मग उतरू लागला, तेव्हा दीर कठड्याला टेकून खाली बसले. सकाळपासून न घाबरलेला माणूस आता घामाने निथळत होता.

मुंबईला फोन केला. तिकडचे साहेब सहज म्हणाले, "तो जुना फोल्डर काढायचा राहिला वाटतं आमच्याकडून." मी मार्ग बदलला. केमिस्टनी वाचून सही केल्याशिवाय एकही कृती प्लँटवर जाणार नाही, असं त्याच दिवशी ठरलं.

संध्याकाळी एसटीत दीर हळूच म्हणाले, "वयनी, आयेला सांगू नका. कामावर धाडायची नाय ती मला."

मी नाही सांगितलं. पण पुढे कित्येक दिवस कारखान्याचा भोंगा वाजला की, अगदी जेवणाच्या सुट्टीचा असला तरी, मी खुर्चीतून ताडकन उठायचे.