तिसऱ्या गिअरच्या सहा खुंट्या

युनूसभाऊ गेल्याचा फोन त्यांच्या मुलीनं, शबानानं केला, तेव्हा मी गडचिरोलीत भाचीकडे होते. मिळेल त्या एसटीनं निघाले, पण चंद्रपूरला पोचले तोवर माणसं कब्रस्तानातून परतली होती. त्याला आता दोनेक महिने होत आले. रडून झालं, आणि खरं सांगायचं तर या माणसाची आठवण आली की मला रडण्यापेक्षा हसूच जास्त येतं.

जटपुरा गेटच्या आत एका बोळात त्यांचं वर्कशॉप होतं. एक लेथ, एक जुनं मिलिंग मशीन, आणि कोपऱ्यात मोहाच्या बियांच्या तेलाचा डबा. लाल तापवलेलं लोखंड ते त्यात बुडवत आणि सगळ्या बोळाला कुणाकडे तरी तळण चाललंय असं वाटे. मी आयटीआयमध्ये ड्रॉइंग शिकवत असे. ब्रह्मपुरीकडच्या धानवाल्या घरातली पहिली नोकरदार मुलगी, त्यामुळे ताठा भरपूर. रेष जराही वाकडी गेली तर मी कागद परत करी. मुलं माझ्यामागं मला 'फूटपट्टी' म्हणतात हे मला ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. गडचांदूरकडे सिमेंटच्या मशिनरीच्या कामासाठी युरोपातून एक वयस्क इंजिनिअर आले होते. सगळे त्यांना नुसतं साहेब म्हणत. तरुणपणी ते मोटोक्रॉसच्या, म्हणजे चिखलमातीच्या चढउतारांवरच्या मोटरसायकल शर्यती खेळत. तेव्हाची गाडी त्यांनी मशिनरीच्या खोक्यांबरोबर इथं आणली होती. ना दिवा, ना हॉर्न. तिचा गिअरबॉक्स कंपनीनं फक्त चाचणीसाठी बनवला होता. असे तीनच झाले, मग तो बेतच सोडला. साहेब वर्षभरासाठी मायदेशी गेले ते गाडी युनूसभाऊंच्या हवाली करून... चालवत राहा, गंजू देऊ नको, एवढंच सांगून. युनूसभाऊंनी ती इमानानं चालवली, आणि एके दिवशी खाणीच्या चढावर तिचा तिसरा गिअर फोडला. साहेब हिवाळ्यात गाडी न्यायला येणार होते. जगात कुठंही न मिळणारा गिअर, आणि यांनी शब्द दिलेला.

तो तुटका गिअर घेऊन ते माझ्याकडे आले. त्यांना ड्रॉइंग वाचता येत नव्हतं, पण असा जोखमीचा माल अंदाजानं करायची छाती होत नव्हती. गिअरच्या बाजूला सहा खुंट्या होत्या. त्या शेजारच्या गिअरच्या खाचांत शिरल्या की गिअर पडतो. दोन तुटल्या होत्या. उरलेल्या चारांपैकी दोन नखाच्या जाडीनं ठेंगण्या भरल्या. मी म्हटलं, या झिजल्यात. युनूसभाऊंनी अंगठ्याचं नख दोनतीनदा फिरवलं.

"बाई, हे घासलं नाई. हे असंच केलं हाये."

मी त्यांना झीज म्हणजे काय यावर अर्धा तास ऐकवलं आणि कागदावर सहाही खुंट्या एका उंचीच्या काढल्या. मग रोज संध्याकाळी वर्कशॉपात जाऊन, साबणाची वडी मधोमध कापून, समोरून काय दिसतं, कापल्यावर आत काय दिसतं, ते शिकवलं. आठवड्यात ते कागद वाचायला लागले. पुढच्या तीन आठवड्यांत गिअर तयार झाला. मी व्हर्नियरनं मोजला. नाव ठेवायला जागा नव्हती.

गाडी चढावर गेली की तो गिअर मात्र पडेना. खडखड करी आणि निसटे. युनूसभाऊ माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "नक्शा मस्त हाये बाई. पन गाडीनं तो पाह्यला नाई." मग समजावून सांगितलं, "एसटीत नाई का, तिघं आधी घुसून रुमाल टाकतात, बाकीचे मंग सावकाश बसतात. तसं हाये हे. तीन उंच, तीन बुटक्या." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी म्हटलं, मग याच गिअरच्या तीन खुंट्या ग्राइंडरवर घासा, तासाभराचं काम. ते नाही म्हणाले. साहेब यायला पंधरा दिवस उरलेले, आणि हा माणूस अख्खा गिअर नव्यानं करायला बसला.

साहेब आले, खाणीच्या ढिगाऱ्यावर गाडी चढवली, उतरवली, पुन्हा चढवली. मग हेल्मेट काढून त्यांनी गिअरच्या ड्रॉइंगची प्रत मागितली. सुधारून काढलेल्या नव्या कागदावर, कोपऱ्यातल्या 'तपासणार'च्या चौकटीत मी युनूसभाऊंचं नाव लिहिलं होतं. त्यांनी खाली उर्दूत सही केली आणि दिवसभर हात धुतले नाहीत, असं त्यांची बायको सांगे.

पहिला गिअर मात्र त्यांनी लेथच्या वर खिळ्याला टांगला. पुढं कित्येक वर्षं मी चहाला गेले की तो दिसे, आणि मला टोचे. माझी चूक चारचौघांत टांगलेली. कुणी गिऱ्हाईक त्याबद्दल विचारी तेव्हा युनूसभाऊ मला पाहून आवाज खाली घेत. मी कधी विचारलं नाही. शेवटच्या भेटीत त्यांना धाप लागत होती. वर बघून म्हणाले, "बाई, काढून देऊ का तुमाले?" मी म्हटलं, राहू द्या, तिथंच शोभतो. जरा तोडूनच म्हटलं. ते हसले.

चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर शबानानं तो गिअर फडक्यात बांधून माझ्या हाती दिला. मी म्हटलं, माझी चूक घरी आली म्हणायची. तिला काही समजेना. "चूक कोनती? अब्बा तं सगळ्याईले सांगत, कागद वाचून केलेलं माह्यं पह्यलं काम हे. बाईच्या नक्शात आन् यात एक सूत फरक नाई. तुमच्यासमोर सांगायले लाजत."

म्हणून त्याला ग्राइंडर लागला नव्हता... आणि मी मेली इतकी वर्षं तोंड वळवून चहा पीत होते.

गेल्या आठवड्यात शबानाच्या नव्या शेडचा नकाशा काढला. 'तपासणार'च्या चौकटीशी हात थांबला, मग मी तिथं युनूसभाऊंचंच नाव लिहिलं. गिअरला अजून मोहाच्या तेलाचा वास आहे. सहा खुंट्यांवरून नख फिरवलं, कुठंच अडकलं नाही. मग तो उचलून कागदावर ठेवला, पंख्यानं उडू नये म्हणून.