धाकट्याचं बटण

हेवा, मत्सर, असूया असे चांगले तीन शब्द आहेत, पण मला जे व्हायचं त्याला आमच्याकडं सरळ पोटात दुखणं म्हणतात. ते मला धाकट्या भावामुळं व्हायचं.

तो फौजेत होता. मी शिराळ्याजवळच्या आमच्या गावात, ऊस, दोन म्हशी आणि आई यांच्याजवळ. वर्षातून एकदा तो सुट्टीवर यायचा. त्याला भाकरी कडक लागते, कालवणात तेलाची तर्री लागते, चहात साय लागते, हे आईला वर्षभर ध्यानात राहायचं. माझं मात्र काही राहायचं नाही. चहातली साय मला नजरेसमोर नको, तरी माझ्या कपात ती यायचीच. बोललो की म्हणायची, "आरं, तुला साय लय आवडती की." मी ती बोटानं काढून मांजराला घालायचो.

नव्वदच्या दशकात मध्येच कधीतरी त्यानं मिलिटरी कँटीनमधून रंगीत टीव्ही आणला. मी मिरज स्टेशनवर त्याला आणायला गेलो होतो. तिथून सांगली, सांगलीहून एसटीनं गाव, आणि सगळ्या वाटेत खोकं माझ्या मांडीवर. पायांना मुंग्या येऊन त्यांचं लाकूड झालं. गावात उतरल्यावर मात्र खोकं त्यानं खांद्यावर घेतलं, आणि गल्लीनं बघितलं ते त्यालाच. अँटेना कौलावर चढून मी बसवला. तोवर खाली सगळे त्याच्याभोवती गोळा होऊन काश्मीरच्या थंडीच्या गोष्टी ऐकत होते.

त्या टीव्हीच्या रिमोटवर एक हिरवं बटण होतं. रंग, उजेड, आवाज आपल्याला हवे तसे लावायचे आणि ते बटण दाबून धरायचं. पडद्यावर एक हिरवी रेघ उमटायची, ती विझली की टीव्हीनं आपली आवड लक्षात ठेवली. मग कुणी काहीही फिरवून ठेवो, बटण एकदा दाबलं की टीव्ही पुन्हा त्या आवडीवर. गोम एवढीच होती की त्यात एकाच माणसाची आवड मावायची. ती कुणाची ठेवायची, हे कुणी मला विचारलं नाही. त्याला सगळं भडक लागायचं. बातम्या देणारी बाई कुंकवासारखी लाल दिसायची आणि गवत पोपटासारखं. जाताना तो आईला म्हणाला, "आये, माजी आठवण आली की ह्ये बटण दाब. मला आवडतंय तसं दिसंल."

झालं. रोज संध्याकाळी देवापुढं दिवा लावला की आई ते बटण दाबायची. रिमोटला तिनं प्लास्टिकची पिशवी घातली. मी रंग जरा उतरवला तर म्हणायची, "त्याचं हाय त्ये, ऱ्हाऊ दे." उसाला पाणी मी द्यायचो, तिला दवाखान्यात मी न्यायचो. पण या घरात निर्जीव खोक्यालासुद्धा आवड पाठ होती ती त्याची. माझा जळफळाट व्हायचा. अजूनही सांगताना होतो.

एकदा दुपारी आई रानात गेली होती. मी पिशवीतनं रिमोट काढला, माणसं माणसांसारखी आणि गवत गवतासारखं दिसेल असं केलं, आवाज बसका ठेवला आणि रेघ विझेपर्यंत बटण दाबून धरलं. म्हटलं, आता ती ओळखेल, भांडेल. मग सांगता येईल की हे माझं आहे, मलाही आवडनिवड आहे.

संध्याकाळी शेजारची काकू येऊन बसली होती. आईनं बटण दाबलं आणि बराच वेळ पडद्याकडं बघत राहिली.

"बग," ती काकूला म्हणाली, "माज्या लेकानं कसं चित्र लावून ठिवलंय. डोळ्यास्नी गार वाटतंय."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पुढं कितीतरी महिने माझ्याच आवडीचं कौतुक मी त्याच्या नावानं ऐकत बसलो.

तो पुढच्या सुट्टीला आला, बटण दाबलं आणि थबकला. "आये, ह्ये फिकं कुणी केलं?"

"तूच की. म्या कुणाला हात लावू दिला न्हाई," आई म्हणाली.

त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला कळलं होतं. त्यानं आरडाओरडा करावा, सगळं उघडकीला यावं, असं मला फार वाटत होतं. तो हसून म्हणाला, "व्हय, माजंच हाय. इसरलो बग." नंतर गोठ्यात मी धार काढत असताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "दादा, तुजं चांगलं हाय. ऱ्हाऊ दे तसंच."

मला त्याचा एवढा राग कधी आला नव्हता. भांडला असता तर बरोबरीत आलो असतो. माझीच वस्तू त्यानं मला मोठ्या मनानं देऊन टाकली.

त्याची सुट्टी संपली. त्याला एसटीत बसवून घरी आलो आणि आधी टीव्ही लावला. बाई लाल केली, गवत पोपटी केलं, बटण दाबून धरलं. तुझं तुला लखलाभ.

संध्याकाळी आईनं बटण दाबलं आणि तिचा चेहराच उतरला. "ह्ये काय केलंस रं?"

"त्याचंच हाय ह्ये. आदी हुतं त्ये माजं हुतं."

"उगं काय बी बोलू नगंस. माज्या पोराची आवड मला कळत न्हाई व्हय? असलं भडक तुला लागतंय. त्याला न्हाई."

तिचे डोळे भरून आले होते. मी रिमोट घेतला, रंग उतरवला, आवाज बसका केला आणि रेघ विझेपर्यंत बटण दाबून धरलं.

"आत्ता कसं," आई पदरानं डोळे पुसत म्हणाली. "माजं बाळ घरात असल्यागत वाटतंय."

मी तिच्या शेजारी, त्याच सतरंजीवर बसलो होतो.