शेंगाचटणीतल्या गोळ्या

दाक्षायणीच्या अंगावरून पांढरं जायचं, आग व्हायची, आणि कुणाला सांगायचं म्हटलं की जिवावर यायचं. वैरागची लेक, सोलापुरात भुसार अडत्याच्या घरी दिलेली. सासू निंगव्वा ऊठसूट म्हणे, "सिद्धाराम, असल्या दुखणाईत बाईला म्हायेरी धाडून दे. दुसरी बगू." नवरा सिद्धाराम हो म्हणत नव्हता, नाहीही म्हणत नव्हता.

शेवटी ती चोरून डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगितलं, हा बारीक किडा नवराबायकोच्या संबंधातून लागतो, गोळ्या दोघांनीही घ्यायच्या. दाक्षायणी हबकलीच. इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी न घेणाऱ्या घरात असला रोग! आणि नवऱ्याला तोंडावर सांगायचं कुणी? तिने आपल्या अकलेने तोड काढली. स्वतःच्या गोळ्या गिळल्या, त्याच्या कुटून शेंगाचटणीत घातल्या. घरात ती चटणी सगळेच खातील, म्हणून दुधनीच्या बाजाराला तो मुक्कामी जाई, तेव्हाच ती त्याच्या डब्यात बांधून देई.

थोडं बरं वाटे, की पुन्हा आग. गोळ्या पुन्हा झाल्या, तरी तेच. बाई वैतागल्या.

"मालक नेमाने घेतात ना?"

"व्हय की. मीच देती."

"मग किडा औषधाला दाद देईनासा झालाय. औषध अर्धवट पोटात गेलं की तो मरत नाही, निर्ढावतो. आता डोस वाढवते. याने नाही गेला, तर माझ्याकडे दुसरं औषध नाही."

अर्धवट कुठे राहिलं, हे तिला कळेना. सिद्धारामला जेवायला वाढताना तिने विचारलं, "चटणी बरी लागती न्हवं?"

"लई कडू करतीस. मी चिमूटभर खातो, बाकीची रुद्राणी दह्यासंगं संपवती," तो बोलून गेला, आणि घास हातातच राहिला.

रुद्राणी कोण, हे तिने विचारलं नाही. त्याच्या तोंडावरच दिसत होतं. ज्याची लाज झाकायला तिने गोळ्या कुटल्या, तो त्या दुधनीत वाटून खात होता. कुणालाच औषध पुरलं नाही, आणि निर्ढावलेलं दुखणं फिरून तिच्याच अंगात येत होतं. माहेरी मात्र जायचं तिने!

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरीणबाईंसमोर उभी राहिली. "बाई, तिघांच्या गोळ्या द्या."

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि तीन पुड्या बांधल्या.

घरी येऊन तिने सासूच्या देखत नवऱ्याच्या हातात दोन पुड्या ठेवल्या. "ही तुमची, हितंच गिळा. ही दुधनीची. ती द्यायला मीबी येती."

निंगव्वाने लेकाची खाली गेलेली मान पाहिली आणि काय ते समजली. हळूच म्हणाली, "पानी दे त्येला."

"तुमी द्या," दाक्षायणी म्हणाली.