शीतलची सहा तारांची बेस

शीतल पाईकराव आमच्या नांदेडकडच्या गोरेगावच्या गायन पार्टीत बेस गिटार वाजवते. दिवसा बाजारात तिचं झेरॉक्सचं दुकान असतं. तिचे वडील नरसिंगराव याच पार्टीत बेंजो वाजवायचे. तालाचं वेड तिला घरातूनच लागलं. मी भीमराज, ढोलकीवाला. आठ वर्षं आम्ही एका स्टेजवर आहोत. तरी पुसेगावला जे झालं त्यात माझीही चूक होती, हे आधीच सांगून टाकतो.

मागच्या उन्हाळ्यात तिनं सहा तारांची बेस घ्यायचं ठरवलं. आमची बरीच गाणी काळी दोन पट्टीत. चार तारांच्या बेसवर त्या पट्टीचा खालचा सा मिळतच नाही, वरचा घेऊन भागवावं लागतं. ते तिला वर्षानुवर्षं खुपत होतं. नांदेडच्या एका दुकानात आम्ही दोघं गेलो. प्रश्न ती विचारत होती आणि दुकानदार उत्तरं मला देत होता. शेवटी मलाच म्हणाला, "मॅडमला पेलेल का? वजनाला जड आहे."

"पोतं उचलायला नेऊन न्हाई राहिले मी," शीतल म्हणाली. "वाजवायला नेऊन राहिले. माझ्याशी बोला."

तो तरीही माझ्याशीच बोलत राहिला. शीतलनं पैसे मोजले आणि गिटार घेऊन आम्ही परत आलो.

झेरॉक्सच्या दुकानाच्या मागच्या खोलीत तिनं ती पहिल्यांदा छोट्या अॅम्पला जोडली तेव्हा मी समोर होतो. गिटारची मान इतकी रुंद, की तिची बोटं सगळ्यात जाड तारेपर्यंत पोहोचेनात. ती तार ढिली, जोरात छेडली की फ्रेटच्या पट्ट्यांवर खडखडायची. एक वाजवावी तर शेजारच्या दोन आपोआप गुणगुणायच्या; त्यांना अंगठ्यानं दाबून ठेवायचं नवीनच काम. अर्ध्या तासात तिचा खांदा भरून आला.

"एवढं मोठं लाकूड केलं, अन् पट्टा दिला शाळेच्या दप्तराचा," ती वैतागून म्हणाली. मग तिनं खालचा सा नीट दाबून वाजवला. काउंटरवरच्या पेनांचा डबा थरथरला. ती बराच वेळ तोच सूर वाजवत बसली.

तीन आठवडे तिनं रोज दुपारी रियाज केला. मग पुसेगावच्या विहाराच्या वर्धापनदिनाचा कार्यक्रम आला. सकाळी दहाला सुरुवात, मध्ये भाषणं, जेवण, मग पुन्हा गाणी. साउंड शेषराव नावाच्या माणसाचा होता. तालुक्यात मोठे बॉक्स त्याच्याकडेच, म्हणून सगळे त्यालाच बोलावतात. शीतलनं केबलचं एक टोक गिटारला लावलं, दुसरं त्याच्या पोराच्या हातात दिलं. तिला स्टेजवर स्वतःचा आवाज येईना. दुसऱ्या गाण्यात तिनं मिक्सरकडे बघून कानाला हात लावला, ऐकू येत नाही म्हणून. शेषरावनं अंगठा वर केला. तिला वाटलं, आवाज समोर जात असेल. दीड तास ती मान खाली घालून वाजवत राहिली.

भाषणं सुरू झाली तशी ती खाली उतरली आणि थेट मिक्सरपाशी गेली. थोड्या वेळानं मला बोलावलं. केबलचं टोक टेबलाखाली गुंडाळून ठेवलेलं होतं. जोडलेलंच नव्हतं.

"हे काय व्हय?" तिनं विचारलं. आवाज शांत होता, पण ओठ पांढरे पडले होते.

"ताई, कीबोर्डात बेस असतोच," शेषराव म्हणाला. "दोन बेस झाले की घुमतं. तुमी काहून टेन्शन घेऊन राहिल्या? फोटोत बराबर दिसल्या."

कीबोर्डवाला जुबेर मागेच चहा पीत होता. तो म्हणाला, "मी तर बेसचा डावा हात बंदच ठेवला होता. शीतलताई वाजवून राहिल्या म्हणून."

म्हणजे दीड तास कुणाचाच बेस नव्हता. शीतल माझ्याकडे वळली. "भीमराज, तुला तरी कळलं का?"

मला कळलं नव्हतं. उलट तिसऱ्या गाण्यानंतर मी तिला 'मस्त झालं' म्हणालो होतो.

समितीचे लोक आले. पाहुणे बसलेत, आता राहू द्या, जेवणानंतर बघू, असं म्हणू लागले. ती म्हणाली, "आमी काय शोभेला बसलो का इथं? माझ्या हातानं जोडते, मगच वर जाते."

तिनं स्वतः वाकून केबल लावली. शेषराव हात बांधून उभा राहिला. जेवणानंतर पहिलं गाणं सुरू करायच्या आधी तिनं माइक घेतला. "सकाळी मी वाजवलं ते तुमच्यापर्यंत आलंच न्हाई," ती म्हणाली. "केबल टेबलाखाली होती. आता ऐका." एवढंच. बायकांच्या बाजूला कुजबुज झाली. शेषराव मोबाइलमध्ये बघत बसला.

आणि मग ती चुकली. जाड तारेवर अजून तिचा हात बसला नव्हता. कडव्यातून ध्रुवपदावर येताना बोट घसरलं आणि भलताच सूर पत्र्याच्या मांडवभर घुमला. पुढच्या रांगेतला एक म्हातारा दचकला. शेषराव हसला, ते तिनंही पाहिलं. तिच्या मानेपर्यंत लाली चढली, पण ती थांबली नाही. तिसऱ्या गाण्यापासून सा जागेवर पडायला लागला. माझ्या ढोलकीखाली जमीन हादरल्यासारखी वाटली. मी आठ वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडे बघून ठेका धरला.

जीपमधून परत येताना जुबेर तिला म्हणाला, "पहिल्या गाण्याचं मनावर नका घेऊ."

"पहिल्या गाण्याचं न्हाईच घेऊन राहिले," ती म्हणाली. "चुकले ते माझं होतं. सकाळचं दीड तासाचं कुणाचं होतं, ते सांग."

शेषरावनं कधी माफी मागितली नाही. पुढे साखरा गावच्या कार्यक्रमाला पुन्हा त्याचेच बॉक्स होते. शीतल आमच्या आधी पहिल्या जीपनं गेली. आम्ही पोहोचलो तेव्हा ती मिक्सरशेजारी खुर्ची टाकून बसलेली आणि तो न बोलता केबली उलगडत होता.