कुदळीचे सुतक

भाऊराव गेल्याची बातमी मोखाड्याहून आलेल्या टपालवाल्याने शाळेच्या दारातूनच सांगितली आणि तो पुढे गेला. मी मुलांना शुद्धलेखन घातले होते, ते पुरे केले... त्याला आता महिना होऊन गेला.

भाऊराव जव्हार संस्थानात ओव्हरसियर होते. विहीर, रस्ता, पूल, जे खणून व्हायचे ते त्यांच्याकडे. मी शाळा सांभाळून शब्दांचा कोश लिहितो; त्यात कुदळ म्हणजे खणण्याचे लोखंडी हत्यार, एवढेच होते. ते हसत. "मास्तर, तुमचा कोश कधी कचेरीत गेलेला दिसत नाही." कचेरीत ‘वीस कुदळी पाठवा’ म्हणजे वेठीला वीस माणसे पाठवा. माणूस तापाने फणफणतो, कुदळ फणफणत नाही, ही त्या शब्दाची सोय. साखरशेत गावात भाऊभाऊ वेगळे निघाले की त्यांची कुदळ वेगळी झाली म्हणतात. पोशेऱ्याच्या डोंगरात नाचणी संपली की कुदळ म्हणजे रानातले कंद, म्हणजे त्या दिवसाचे जेवण. दरबारात मात्र कुदळ म्हणजे हार, अत्तरगुलाब आणि भाषण.

तो दरबारी अर्थ मी एकदा जवळून पाहिला. पाहुण्यांसाठी बंगला बांधायचा होता. पहिला घाव घालायला एक बडे अंमलदार आले. त्यांच्यासाठी चांदीची कुदळ घडवली होती. जव्हारच्या कातळाने तिचा मान राखला नाही; पहिल्याच घावाला चोच वळली. हसायची कुणाची छाती नव्हती. अंमलदारांनी वेठीच्या रांगेतल्या पहिल्याच माणसाच्या कुदळीसाठी हात पुढे केला. तो साखरशेतचा लखमा. त्याने कुदळ पाठीमागे घेतली.

"नाय देणार, सायब."

"माजलास काय रे?" शिरस्तेदार ओरडले. शिपाई छडी घेऊन पुढे झाला.

भाऊराव मध्ये आले. "लखमा, झालं काय?"

"आयस गेली काल. हिनंच तिला खड्डा खणलाय. पाटलाला सांगितलं, तर तो बोलला, कुदळ घेऊन नीघ. हिचं दिस व्हायचंत अजून. घराच्या पायाला कशी लावू?"

भाऊराव अंमलदारांकडे वळले. "साहेब, कुदळ सुतकात आहे."

हे कोणत्या शास्त्रात आहे, मला ठाऊक नाही. अंमलदारांनाही नव्हते, पण नव्या बंगल्याच्या पायात सुतक घालायची त्यांची तयारी नव्हती. हात मागे गेला. पुरोहिताने तत्परतेने दुसरा मुहूर्त काढला. भाऊरावांनी लखमाला घरी पाठवले, आणि थोड्याच दिवसांत दरबाराने भाऊरावांना मोखाड्याला. "मास्तर, कोशात आणखी एक अर्थ घाला," निघताना ते म्हणाले. "कुदळ म्हणजे बदली."

गेल्या आठवड्यात मी मोखाड्याला त्यांचे सामान आवरायला गेलो होतो. नवे ओव्हरसियर अजून रुजू झालेले नाहीत. कचेरीपुढे वेठीची माणसे उकिडवी बसली होती आणि शिपाई एकेकापुढे थांबून, थेट भाऊरावांच्या सुरात विचारत होता, "घरात कुणी गेलं नाही ना रे?" तसा हुकूम कुठेही नाही. एक म्हातारा खाली बघत म्हणाला, "सून गेली."

शिपायाने त्याला हाताने घराची वाट दाखवली आणि तो पुढच्यापाशी गेला.