हौसाक्कांचा लेथ

हौसाक्का नसत्या तर मी आज आटपाडीच्या पलीकडं बापाच्या मागं मेंढरं वळत असतो, नाहीतर कुठल्यातरी हॉटेलात कपबश्या विसळत असतो. हे आधी सांगतो. कारण पुढचं ऐकल्यावर माझ्याबद्दल तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे — पण त्यांच्याबद्दल सांगायचं राहून जायला नको. पुढचं मी अजून कुणाजवळ बोललेलो नाही. आईजवळही नाही.

नववीत शाळा सोडली. वाईच्या एका हॉटेलात काम आहे म्हणून आलो, तर तिथं आधीच दुसरा पोरगा ठेवलेला. स्टँडवर पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारी पन्नाशीची एक बाई येऊन बसली, पदराला लाकडाचा भुसा. "कुनाचं रं तू?" एवढंच विचारलं तिनं, आणि मी रडत सगळं सांगून टाकलं. त्याच हौसाक्का. त्यांनी मला तसंच उठवून त्यांच्या कारखान्यात नेलं. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड. तिथं लाकडाची पेनं बनतात. मालकांना म्हणाल्या, "माझ्या म्हायेरचा पोरगा हाय, ठिवून घ्या." त्यांचं माहेर मेढ्याकडं! आटपाडीशी काय संबंध? मालक नुसते हसले. ठेवून घेतलं.

तुम्ही कधी लाकडाचं पेन होताना बघितलंय? बघाच. बोटाएवढा चौकोनी ठोकळा असतो. त्याला मधोमध आरपार भोक पाडायचं, भोकात पितळी नळी चिकटवायची, आणि तो लेथवर चढवायचा. गरागरा फिरायला लागला की पटाशी टेकवायची. भोकं पाडणं माझ्याकडं, लेथ आक्कांकडं. त्यांनी पटाशी लावली की लाकूड रिबिनीसारखं सुटायचं, उडून त्यांच्या केसांत बसायचं. "बिरू, बघ रं, फुकटचा गजरा!" म्हणायच्या. सागाचा वास वेगळा, शिसवाचा वेगळा, आणि बाभूळ आली की मला थेट घरचा वास. खरं सांगू? इतक्या आनंदात मी जन्मात नव्हतो. आणि म्हणूनच भ्यायचो. कधी नव्हे ते सुख मिळालं की आधी काय वाटतं — हे आता कोण काढून घेणार?

बघा, सांगायचं सोडून मी भलतीकडंच चाललो.

आमच्याकडं जुन्या चौकटींचं सागवान येतं. त्यात कुठं खिळा मोडून राहिलेला असतो, म्हणून भोक पाडण्याआधी ठोकळ्यावरून लोहचुंबक फिरवायचं — हे मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. एकदा मी नाही फिरवलं. घाई होती? छे. फोनवर गाणं लागलं होतं आणि मी नाचत होतो, दुसरं काही नाही. भोक पाडायच्या मशीनचं बिट, म्हणजे पुढची टोकदार सळई, आतल्या खिळ्यावर करकरलं, आणि त्याची धार गेली.

सांगायला काय जात होतं? 'मालक, बिट बोथट झालं.' चार शब्द. पण मला वाटलं, हाकलतील. परत तो स्टँड, परत ती पिशवी. मी त्याच बिटानं भोकं पाडत गेलो. धार नसली की जोर लावावा लागतो. जोर लावला की लाकूड तापतं, धुरकट वास येतो, आणि आत केसाएवढी चीर पडते. बाहेर दिसलीच, तर मी तिच्यात भुसा आणि गम दाबून घासून टाकायचो. ठोकळा नवाकोरा. कुणाला कळणार?

कळायचं ते लेथवर. आक्कांच्या हातात. फाट्‌ — आणि तुकडे पत्र्यावर. पहिल्यांदा त्या हसल्या, "आगं बया, माझ्यावर रुसलं जनू!" मग परत फुटलं. मग शिसवाचा चांगला ठोकळा गेला. मालक भला माणूस, ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "आक्का, तुमचा हात जड झालाय. डोळे तपासून घ्या एकदा."

मी तिथंच उभा होतो. तेच बोथट बिट माझ्या मशीनला लावलेलं. आणि मी काय केलं? — खाली वाकून भुसा झाडायला लागलो.

आक्कांनी आपला हात वर धरून उलटासुलटा बघितला. "व्हय, वय झालं की आता." त्या चिडल्या असत्या तर मी बोललो असतो. नाही — हेही खोटं. नसतो बोललो.

सुट्टीच्या दिवशी साताऱ्याला जाऊन मी गुपचूप नवं बिट आणलं. फुटणं थांबलं. पण तोवर आक्का पॉलिशच्या टेबलावर गेल्या होत्या, आणि लेथ कुणाला मिळाला? मला. त्यांनीच सांगितलं, "बिरूला द्या. त्याचा हात हलका हाय."

डोळ्यांना थोडा नंबर निघालाच. चष्मा आला तेव्हा आक्कांचा काय थाट! शेडमधल्या डब्यांवरची नावंसुद्धा मोठ्यानं वाचायच्या. त्यांचे यजमान फौजेतून आलेले, मिशीवाले, संध्याकाळी न्यायला आले, तर सगळ्यांदेखत, "आवं, तुमच्या मिशीत एवढं पांढरं कवापासनं?" ते म्हणाले, "चष्मा परत करून या जावा." शेड हसून लोळली. मीही हसलो. पॉलिश करताना आक्का गुणगुणतात, लेथवर कधी गुणगुणायच्या नाहीत. मग झालं ते बरंच झालं, असं मी मनाशी कितीदा म्हटलं असेल.

मग एका दुपारी सगळे चहाला गेले असताना मी मधूनच परत आलो. आक्का लेथपाशी उभ्या होत्या. मशीन बंद. ठोकळा चढवलेला, पटाशी हातात, अगदी बरोबर धरलेली — पण बटण दाबत नव्हत्या. मला बघून ओशाळल्या. "भ्या वाटतं रं. परत फुटलं तर?"

ज्या बाईनं अनोळखी पोराला बेधडक आपल्या माहेरचं म्हटलं, तिला लाकडाच्या एका तुकड्याचं भ्या. ते मी घातलं. "चहा गार व्हतोय, आक्का," एवढंच म्हणालो.

पण एक दिवस मी मालकांसमोर, आक्कांच्या तोंडावर, हे सगळं सांगेन. त्यानंतर त्या शेडमध्ये मला जागा असो नसो. धारेचं बिट लावून शिसवाचा एक ठोकळा तयार करीन, लेथवर चढवीन आणि बाजूला होईन. बटण आक्का दाबतील. भोक माझं, पेन त्यांचं.