कुंताबाई पाहाले निघाली

वरठीच्या फाट्यावर रविवारी सकाळी कुंताबाई रामटेके एकटी उभी होती, तीही इस्त्रीच्या साडीत. पानठेल्यावरच्या धनीरामने ते पाहिलं, हातातलं पान खाली ठेवलं आणि आवाज उतरवून विचारलं, "कोण वारलं, वयनी?"

त्याची काही चूक नव्हती. आमच्याकडे पन्नाशीची बाई एकटी घराबाहेर पडते ती ठरलेल्या कामांसाठीच. कोणाचं लग्न, कोणाची बाळंतीण, कोणाची मयत, नाहीतर तहसील कचेरीतला शिक्का. त्यातून लग्नाचा हंगाम नसेल, तर उरतं काय? धनीरामने हिशोबानेच विचारलं होतं.

"कोणी नाई वारलं," कुंताबाई म्हणाली. "भंडारा पाहाले चालली."

"म्हणजे दवाखान्यात कोणी आहे?"

"अरे, कोणीच नाई. भंडारा पाहाले. अशीच."

धनीरामला हे 'अशीच' काही पचलं नाही. भंडारा इथून हाकेच्या अंतरावर, आणि लग्न झाल्यापासून बाईचा सारा जन्म वरठीत गेलेला. आता त्यात पाहायचं काय उरलं? पण कुंताबाईशी वाद घालायची त्याची टाप नव्हती. जिल्हा परिषदेच्या शाळेत बारा वर्षं दोनशे पोरांची खिचडी घोटणारी बाई ती, तिचा आवाज रेल्वे फाटकापर्यंत जायचा. ऑटो आला, ती चढली आणि गेली. मागे धनीरामला दिवसभर पुरेल एवढा विषय ठेवून गेली.

आता हे खूळ तिच्या डोक्यात आलं कुठून, ते सांगतो. आलं ते थेट विलायतेहून.

कुंताबाईची एकुलती एक पोरगी रुपा. सप्टेंबरात सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंडमधल्या लीड्स शहरात शिकायला गेली. शिक्षण पाण्याचं आणि सांडपाण्याचं. बाप सेवकराम स्टीलच्या कारखान्यात कंत्राटी कामगार. तो लोकांना नुसतं 'इंजिनिअरिंग' सांगायचा, मोरीचा विषय काढायचाच नाही. कुंताबाई मात्र ठणकावून सांगायची, "मोरीचं शिकून राहिली माही पोरगी. तुमच्या गल्लीतली नाली पाहा आन् मंग हसा."

सुरुवातीला रुपाचे दर रविवारी फोन यायचे. तिकडे विद्यार्थी सुटीच्या दिवशी सकाळी निघतात, एखादं गाव, एखादा किल्ला पाहतात आणि संध्याकाळी परत खोलीवर. रुपाही जाऊ लागली. कुंताबाईला किल्ल्याबिल्ल्याचं कौतुक नव्हतं. ती दर वेळी तीनच गोष्टी विचारायची: गाडीत बाजूला कोण बसलं होतं, खाल्लं काय, आणि लघवीला कुठे गेलीस. रुपा हसत हसत सगळं सांगायची. एका ठिकाणी म्हणे दाराची कडी कशी काढायची तेच कळेना, शेवटी एका म्हातारीने बाहेरून समजावून सांगितलं.

डिसेंबरात एका रविवारी रुपाने धबधब्याचा फोटो पाठवला. सुरेख होता. सेवकरामने तो लगेच कारखान्यातल्या लोकांना दाखवायला ठेवला. कुंताबाईने विचारलं, "लघवीले कुठे गेली?"

"होतं ना तिथं."

"तिथं कुठं?"

"तिथंच. धबधब्याजवळ."

"आन् बाजूले कोण बसलं होतं?"

"आठवत नाई," रुपा म्हणाली. कुंताबाईने ओळखलं. बाहेर पडलेली बाई दुसरं सगळं विसरेल, पण दिवसभर कुठे आडोसा मिळाला आणि कुठे नाही, हे कधीच विसरत नाही. ही पोरगी तिथे गेलीच नव्हती.

मग रडं फुटलं आणि सगळं बाहेर आलं. पहिल्याच लेखी कामात ती नापास झाली होती. तेव्हापासून वर्गाला जाण्याखेरीज पाच आठवडे ती खोलीबाहेर पडली नव्हती. चार वाजताच अंधार व्हायचा. विद्यार्थ्यांच्या सहलीच्या बसमध्ये जागा घेतली होती, कोपऱ्यापर्यंत गेलीही होती. पण तिथे सगळी पोरं घोळक्याने हसत उभी दिसली आणि हिचे पाय मागे फिरले. मधले रविवार तिने अभ्यासाच्या नावावर टाळले होते, आणि हा फोटो होता इंटरनेटवरचा.

"मले वापस यायचं आहे, आई," ती म्हणाली. "नाई होत माझ्याच्यानं."

सेवकराम म्हणाला, "येऊ दे तिले." बापाचं काळीज, तो दुसरं काय म्हणणार.

कुंताबाई पोरीवर रागावली नाही. रागावणं हे तिचं रोजचंच, पण त्या दिवशी तिला स्वतःची एक गोष्ट आठवली. तिचं माहेर मोहघाट, वैनगंगेच्या काठचं. गोसीखुर्दच्या धरणाचं पाणी चढलं तेव्हा आजूबाजूची माणसं ट्रॅक्टर भरभरून ते बुडणारं गाव पाहायला गेली. कुंताबाईही निघाली होती. पवनीच्या बसस्टँडपर्यंत पोचली आणि तिथूनच परत आली. त्यानंतर एकदाही तिकडे गेली नाही. भाऊ पुनर्वसनाच्या नव्या गावात राहतो, त्याच्याकडे जायची, पण पाण्याच्या बाजूला तोंडसुद्धा करायची नाही. एकदा फिरलेले पाय पुन्हा तिकडे वळत नाहीत, हे तिला स्वतःवरून पक्कं ठाऊक होतं. पोरीचं तसं होऊ द्यायचं नव्हतं. जीव गेला तरी होऊ द्यायचं नव्हतं.

"आयक," ती म्हणाली. "येत्या रविवारी तू एक जागा पाहाची. मीबी एक पाहातो. दोघीनंही एकटीनं जाचं, अन् दिवस बुडाच्या आत घरी याचं. मंग तीन गोष्टी सांगाच्या."

"तू? तू कुठे जाशील, आई?"

"ते माहं मी पाहातो."

म्हणून कुंताबाई त्या रविवारी इस्त्रीची साडी नेसून फाट्यावर उभी होती.

भंडाऱ्यात ती आधी नदीच्या पुलावर गेली, मग पितळेच्या दुकानात. दुकानदार म्हणाला, "काय दाखवू, बाई?" ती म्हणाली, "भांडं नको. ठोकताना पाहू द्या." दुकानदाराने आधी तिच्याकडे पाहिलं, मग आतल्या कारागिराकडे, आणि शेवटी स्टूल दिलं. तासभर ती गुंडाचा, म्हणजे पाण्याच्या पितळी घागरीचा, गळा आवळला जाताना पाहत बसली. आयुष्यभर ज्या गुंडाने पाणी भरलं, तो असा घडतो हे तिला त्या दिवशी कळलं.

रुपा त्या दिवशी शहरातल्या बाजारापर्यंतच गेली. चालत वीस मिनिटं. "लघवी बाजारातच," ती म्हणाली. "स्वच्छ होतं."

"चालते," कुंताबाई म्हणाली. "भक्कम झालं आजच्यासाठी."

मग हे सुरूच राहिलं. कुंताबाईने रावणवाडीचा तलाव पाहिला. आंबागडचा किल्ला चढताना गुडघ्यांनी तिला सात पिढ्या आठवायला लावल्या, पण वर जाऊन तिने डबा खाल्लाच. त्याच दिवशी रुपा यॉर्क नावाच्या गावात जुन्या तटबंदीवरून फिरत होती. दोघी सांजच्याला फोनवर कोणाचा किल्ला जास्त पडका यावर भांडल्या. गावातल्या बायका म्हणू लागल्या, "कुंता फॉरेनची झाली वो." सेवकराम रविवारी स्वतःच भात टाकायला शिकला आणि दर वेळी तो खाली लावायचा. धनीराम आता 'कोण वारलं' विचारत नव्हता. तो विचारायचा, "आज कोणीकडे, वयनी?"

रुपाने नापास झालेलं काम पुन्हा लिहून दिलं आणि पास झाली. पण परत यायचं तिने मनातून काढलं नव्हतं. "मार्चपर्यंत पाहातो," एवढंच म्हणायची. रात्रंदिवस तोच एक घोर कुंताबाईच्या जिवाला लागलेला होता.

मार्चात एका बुधवारी रुपाच म्हणाली, "आई, या रविवारी मी समुद्र पाहाले जाऊन राहिली. इथून दूर आहे. तू मोहघाटले जा."

कुंताबाईच्या हातातला भाताचा गंज ओट्यावर आदळला. "तिथं काय पाहाचं? पाणी आहे तिथं नुसतं."

"मीबी पाणीच पाहाले जाऊन राहिली."

पोरीने बरोबर नस पकडली होती. कुंताबाई "जातो" म्हणाली आणि पुढचे तीन दिवस शाळेत, घरात, जो समोर येईल त्याच्यावर खेकसली.

रविवारी भंडाऱ्याहून पवनीची बस, पवनीहून ऑटो. ऑटोवाल्याने तिला जुन्या रस्त्यावर सोडलं. तोच डांबरी रस्ता, तिच्या लग्नाची वरात ज्यावरून गेली तो. पुढे शंभर पावलांवर तो सरळ पाण्यात शिरत होता. कोणी मुद्दाम संपवलेला नव्हता, पाट्याबिट्या काही नव्हत्या. रस्ता होता आणि मग पाणी होतं.

कुंताबाई रस्त्यातल्या रपट्याच्या, म्हणजे ओढ्यावरच्या बुटक्या पुलाच्या, कठड्यावर बसली. अर्धा तास बसली. उठली, दहा पावलं चालली, पुन्हा येऊन बसली. पाय उचलेचनात. तिच्या मनात आलं, पाहून आली म्हणून सांगितलं तर कोणाला कळणार आहे? इथूनच फोटो काढला तरी पाणी दिसतंय. रपट्यावर बसल्या बसल्या तिला लीड्सचा तो कोपरा पहिल्यांदा कळला. पोरगी खोटं का बोलली, तेही कळलं.

तिने फोन लावला. पलीकडे वारा घोंघावत होता.

"आई, मी पोचली. समुद्र दिसून राहिला. तू?"

"मी नाई जाऊ शकली, बेटा," कुंताबाई म्हणाली. तिचा तो फाटकापर्यंत जाणारा आवाज पार बसला होता. "रपट्यावर बसून आहे. होत नाई माझ्याच्यानं."

रुपा वाऱ्याच्या आडोशाला सरकली. मग म्हणाली, "मी फोन ठेवत नाई. तू उठ. रस्त्यानं गेलं का पहिलं घर कोणाचं लागे?"

"भय्याजीचं. किराणा होता त्याचा."

"मंग?"

"मंग हातपंप. मंग मास्तराचं घर." ती उठली होती. "मंग आमची शाळा. उजव्या हाताले विहार. विहाराच्या मागं मोहाचं झाड, अन् त्याच्या बाजूले…"

"चालता चालता सांग, आई."

ती चालता चालता सांगत राहिली. कोणाच्या दारी बैल बांधलेले असत, कोणाची सून भांडकुदळ होती, कोणाच्या आंगणात तिने पहिल्यांदा सायकल पाडली, सगळं. पोरीने हे कधी ऐकलं नव्हतं. कारण आईने कधी सांगितलंच नव्हतं. भय्याजीच्या दुकानापासून सांगायला लागलेली ती बाई बोलता बोलता मोहाच्या झाडापर्यंत आली तेव्हा तिच्या चपला भिजल्या होत्या.

"पाण्यात आहो मी," ती म्हणाली, आणि रडू लागली. मोकळी रडली. अशी ती गाव बुडालं तेव्हाही रडली नव्हती. पलीकडे रुपाही रडत होती, पण तिने फोन ठेवला नाही.

बऱ्याच वेळाने रुपा म्हणाली, "आई, मी मधातच वापस येत नाई आता. शिक्षण पुरं करूनच येतो."

कुंताबाईने पदराने तोंड पुसलं. हे ऐकायला ती डिसेंबरपासून गुडघे झिजवत हिंडली होती.

"पुरं करून ये," ती म्हणाली. "मंग तुलेबी आनतो इथं. तुले दाखवाचं आहे."

डोंगा घेऊन मासे धरणारा एक माणूस जवळ आला होता. इस्त्रीच्या साडीतली बाई पाण्यात उभी राहून फोनवर रडताना पाहून त्याने वल्हं थांबवलं. त्यानेही हिशोबानेच विचारलं, "कोण वारलं, बाई?"

"कोणी नाई, भाऊ," कुंताबाई म्हणाली. "पाहाले आली." आणि मोहाच्या झाडाच्या बाजूला आपलं घर नेमकं कुठे होतं, ते ती फोनवर पोरीला सांगू लागली.